इंग्रजीच्या तासाला 'थीम' विचारली की सगळी मुलं एकच शब्द लिहितात. काय करावं?

शाईचा_डाग

मी वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. या सत्रात मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी आणि तिच्यावरचा १९३१ चा सिनेमा असं जोडीनं शिकवायचं आहे. एक शास्त्रज्ञ एक जीव घडवतो आणि घाबरून त्याला टाकून देतो, ती गोष्ट. कादंबरी १८१८ ची. मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेलेली, तुलनेला भरपूर वाव, म्हणून ही जोडी मीच हौसेनं निवडली. आता पस्तावतेय.

परवा चाचणी घेतली. प्रश्न साधा होता: दोन्ही कृतींत दिसणारी एक थीम घ्या आणि ती कशी उलगडते ते दाखवा. तिसऱ्या-चौथ्या पेपरानंतर पुढचं वाक्य मला न वाचताच कळायला लागलं. "थीम आहे विज्ञानाचे धोके." "थीम आहे एकटेपणा." आणि त्याखाली पानभर गोष्ट. एकीनं तर चक्क यादी दिलीय: विज्ञान, एकटेपणा, सूड, निसर्ग, कुटुंब. वाणसामान आणायला निघाल्यासारखी.

तिच्या समासात मी लाल शाईनं "म्हणजे काय?" असं लिहिलं आणि थबकले. उद्या ती पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, मग काय लिहायचं होतं?" तर मला दोन वाक्यांत सांगता येईल? खरं सांगते, येणार नाही. मला ते दिसतं, पण दाखवता येत नाही.

इथे शिकवणारे आहेत, सिनेमावाले आहेत, नुसतेच वाद घालणारेही आहेत. तुम्ही कसं शिकलात किंवा शिकवता?

---

अर्धविराम

दोष मुलांचा नाही, आपल्या 'तात्पर्य' या शब्दाचा आहे.

लहानपणी प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ असायची. तात्पर्य: गर्वाचे घर खाली. गोष्ट म्हणजे टरफल आणि ती ओळ म्हणजे शेंगदाणा, हे डोक्यात तेव्हा पक्कं बसलं. मग कवितेला 'मध्यवर्ती कल्पना' आली. तिथेही एका वाक्यात काय ते सांगून मोकळं व्हायचं. त्याच सवयीनं मुलं इंग्रजीच्या तासाला बसतात. थीम म्हटलं की त्यांना एक तर विषय सुचतो (एकटेपणा), नाही तर उपदेश (विज्ञानाचा गैरवापर करू नये). थीम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते.

मी वर्गात एक युक्ती करतो. शब्द लिहू देतो, पण त्याच्यापुढे 'बद्दल ही कृती काय म्हणते?' असं जोडायला लावतो. एकटेपणाबद्दल ही कादंबरी काय म्हणते? एकटेपणा वाईट असतो, असं? ते सांगायला कोणी तीन खंडांची कादंबरी लिहीत नाही. ती म्हणते की हा जीव एकटा जन्मला नाही, त्याला एकटं *केलं* गेलं, आणि ज्यानं केलं तो स्वतःलाच बळी समजतोय. आता यावर भांडता येतं. ज्या विधानावर कोणी भांडूच शकत नाही ती थीम नव्हे, सुविचार.

मराठीत मी 'आशयसूत्र' वापरतो. शब्द जड आहे, पण त्यात 'सूत्र' आहे, म्हणजे दोरा. दोरा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओवलेला असतो. तो मधूनच कुठे दिसतो आणि कुठे आत जातो, ते शोधायचं. हे मुलांना लगेच कळतं.

---

जुनं_खातं

फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, शास्त्रज्ञाचं आहे. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

(अवांतराबद्दल क्षमस्व.)

---

अर्धविराम

@जुनं_खातं, अवांतर कसलं? त्याला नावच नाही हाच तर मोठा पुरावा आहे. पोटच्या पोराचं नाव न ठेवणारा बाप, आणि दोनशे वर्षं लोक त्या पोराला बापाच्याच नावानं हाक मारतायत. लेखिकेनं ठरवूनही इतकं जमलं नसतं.

---

पडद्यामागे

एडिटिंग करतो, त्यामुळे सिनेमाच्या बाजूनं लिहितो. पुस्तक कॉलेजात वाचलं होतं, धागा बघून काल पुन्हा चाळलं.

शाईताई, तुमच्या मुलांचा एक घोळ असा असणार, की ती पुस्तक आणि सिनेमा ही एकच गोष्ट समजून लिहितात. या दोघांची थीम एक नाहीच. आणि ती कुठे फुटते ते अगदी बोट ठेवून दाखवता येतं.

सिनेमात सुरुवातीलाच फ्रिट्झ नावाचा मदतनीस मेंदू चोरायला वैद्यकीय कॉलेजात शिरतो. दोन बरण्या असतात, एकीत चांगला मेंदू, दुसरीत गुन्हेगाराचा. चांगली बरणी त्याच्या हातून पडून फुटते आणि तो दुसरी उचलून पळतो. ही बरणी पुस्तकात कुठेच नाही! सिनेमावाल्यांनी ती आणली. आणि एका बरणीनं सगळा हिशोब बदलला. पुस्तकात प्रश्न आहे, 'याला असं कुणी बनवलं?' सिनेमा पहिल्या काही मिनिटांतच उत्तर देऊन टाकतो: मेंदूच खराब होता.

गंमत म्हणजे राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफनं जे काम केलंय ते या बरणीशी अजिबात जुळत नाही. पटकथा म्हणते हा जन्मजात गुन्हेगार. नट दाखवतो घाबरलेलं लेकरू. एकाच सिनेमात दोन थीम एकमेकींशी भांडतायत. वर्गात हे सांगा. सिनेमा म्हणजे एकाच डोक्यातून उतरलेली चीज नसते हे मुलांना कळू दे.

---

उगाच_एक

सगळं वाचलं. छान चाललंय. पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो: ही चिरफाड करायचीच कशाला?

आम्हाला शाळेत एक सर होते. कवितेत पाऊस आला की ते फळ्यावर 'पाऊस = दुःख' लिहायचे. एकदा मी विचारलं, सर, कवीला नुसता पाऊस म्हणायचा असेल तर? पूर्ण तास उभा राहिलो. तेव्हापासून 'प्रतीक' हा शब्द ऐकला की पाय दुखतात.

भीतीचा सिनेमा आहे, घाबरावं आणि घरी जावं. बरणी फुटली कारण बरणी फुटली. उगाच खणत बसलं की जिथे काही नाही तिथेही काहीतरी सापडतंच. (हलकं घ्या, पण थोडं खरंही घ्या.)

---

शाईचा_डाग

@उगाच_एक, तुमच्या सरांच्या वतीनं मीच माफी मागते. 'पाऊस = दुःख' हे विश्लेषण नाही, पाढा आहे. तुमची शंका रास्त होती.

पण तुमच्याच शंकेचं उत्तर पडद्यामागे यांनी दिलंय की. बरणी 'कशाचं प्रतीक आहे' असं ते म्हणत नाहीयेत. बरणी आणल्यामुळे गोष्टीत दोष कुणाकडून कुणाकडे गेला, एवढंच म्हणतायत. हा काही गुप्त अर्थ नाही. पटकथेत एक वस्तू घातली की तिचे परिणाम होतात, लेखकाच्या मनात असो वा नसो.

@पडद्यामागे, बरणीचा मुद्दा उद्याच वापरते. असे अजून आहेत?

---

बाराखडी_नापास

नमस्कार. मी इथे नवीन आहे आणि विद्यार्थिनी आहे, तर प्लीज रागावू नका. आमच्याकडेही हीच जोडी आहे आणि मीही 'एकटेपणा'च लिहिलं होतं. 😬

अर्धविराम सरांनी सांगितलं तसं करून बघितलं. उत्तर इंग्रजीत असतं, इथे मराठीत लिहिते:

"फ्रँकेन्स्टाइनमध्ये समाज वेगळ्या दिसणाऱ्यांना नाकारतो ही थीम आहे. क्रीचर (शास्त्रज्ञाने घडवलेला जीव) जिथे जातो तिथे लोक त्याला मारतात. फेलिक्स त्याला काठीने मारतो. गावकरी दगड मारतात. यावरून समाज वेगळ्या लोकांना नाकारतो हे सिद्ध होते. सिनेमातही गावकरी मशाली घेऊन त्याच्या मागे लागतात. म्हणून दोन्हींत हीच थीम आहे."

हे बरोबर आहे का? मला वाटतं बरोबर आहे, पण वाचून कंटाळा येतोय.

---

अर्धविराम

@बाराखडी_नापास, रागावणार कशाला, आयडी मात्र बदला.

कंटाळा येतोय हे तुम्हाला कळलं, म्हणजे निम्मं काम झालं. का येतोय ते बघू. पहिलं वाक्य आणि 'यावरून सिद्ध होते' हे वाक्य एकच आहे. मधले प्रसंग एकाच खिळ्यावर तीन हातोडे. तिन्ही प्रसंग एकच गोष्ट सांगत असतील तर एक पुरे. दुसरा तेव्हाच घ्यायचा, जेव्हा तो पहिल्यात काहीतरी भर घालतो, नाही तर त्याला अडवतो.

तुमच्याकडे अडवणारा प्रसंग आहे, तुम्ही तो सोडून दिलात. फेलिक्सच्या काठीच्या आधी काय होतं? घरात फेलिक्सचा आंधळा म्हातारा बाप एकटा असतो. क्रीचर आत येऊन बसतो, बोलतो. म्हातारा शांतपणे ऐकतो, धीर देतो. त्याला भीती वाटत नाही, कारण दिसतच नाही. म्हणजे 'समाज नाकारतो' हे अर्धंच खरं. *बघणारा* समाज नाकारतो. *ऐकणारा* ऐकतो.

आता अजून एक प्रसंग जोडा. बर्फाच्या नदीवर व्हिक्टर, म्हणजे तो शास्त्रज्ञ, आणि क्रीचर समोरासमोर येतात. व्हिक्टर म्हणतो, डोळ्यांसमोरून चालता हो. तर तो काय करतो? स्वतःचे हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो. घे, आता दिसत नाही ना, मग ऐक. आणि मग आपली सगळी कहाणी सांगतो.

या दोन प्रसंगांवर तुमचा परिच्छेद पुन्हा लिहून बघा. घाई नाही.

---

पडद्यामागे

अर्धविराम, डोळ्यांवरचे हात मी पूर्ण विसरलो होतो. त्यावरून जे सुचलं ते आधी लिहून टाकतो.

पुस्तकात आपण त्याला कधी बघतच नाही. वर्णन आहे, पण आहे ते शब्दांतच. आपण त्याला *ऐकतो*. कादंबरीची रचना आठवा: बाहेर वॉल्टन या दर्यावर्दीची पत्रं, त्यात व्हिक्टरची कहाणी, आणि अगदी गाभ्यात क्रीचर स्वतः बोलतोय. तो भाषा शिकलाय, मिल्टन वाचलाय, नीट बाजू मांडतोय. वाचक आंधळ्या म्हाताऱ्याच्या जागी बसलेला असतो.

सिनेमात उलटं. तिथे तो बोलत नाही, गुरगुरतो. आपल्या हातात फक्त बघणं. आणि दिग्दर्शक जेम्स व्हेलनं पहिली एन्ट्री कशी लावलीय बघा. दार उघडतं आणि तो *पाठमोरा* आत येतो. सावकाश वळतो. चेहरा दिसतो न दिसतो तोच कॅमेरा कट करून जवळ, आणखी कट, आणखी जवळ. प्रेक्षक दचकतो. म्हणजे प्रेक्षकाला फेलिक्स केलं! काठी तेवढी हातात द्यायची राहिली.

'पुस्तकात जास्त तपशील असतात आणि सिनेमात कमी' असलं तुलनेत लिहू नका असं मुलांना सांगा. एकाच गोष्टीनं आपल्याला कुठल्या खुर्चीत बसवलं ते बघा म्हणावं.

(सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसापुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. कार्लॉफचं नाव शेवटी येतं. जुनं_खातं, हे खास तुमच्यासाठी.)

---

जुनं_खातं

पोचलं. 🙏

---

मधली_सुट्टी

थोडी वेगळी भर. माध्यम बदललं की थीम बदलते, हे ठीक. पण कधी ती बदलायला कोणीतरी बाहेरून भाग पाडतं, आणि वर्गात हा भाग फार रंगतो.

'रेबेका' घ्या. १९३८ च्या कादंबरीत नवऱ्यानं पहिल्या बायकोला गोळी घातलेली असते, आणि आपली बिचारी नायिका, म्हणजे त्याची दुसरी बायको, ते ऐकून हादरण्याऐवजी मनातून सुटका झाल्यासारखी होते, कारण त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतं हे एकदाचं कळलं. वाचताना अंगावर काटा येतो तो खुनानं नाही, या सुटकेनं. १९४० च्या हिचकॉकच्या सिनेमात मात्र पहिली बायको पडते, डोक्याला लागतं, मरते. अपघात. कारण हॉलिवूडच्या तेव्हाच्या निर्मितीसंहितेनुसार खुनी नायक सुखात राहताना दाखवता येत नसे. नियम पाळला गेला, आणि नायिका गुन्ह्यात सामील होते हा कादंबरीचा सगळ्यात काळा धागा गळून पडला.

'अ‍ॅनिमल फार्म'चंही तसंच. १९४५ च्या पुस्तकात जनावरं उठाव करून माणसाला हाकलतात, मग डुकरंच मालक होऊन बसतात. शेवटी जनावरं खिडकीतून बघतात आणि डुक्कर कोण, माणूस कोण हे त्यांना ओळखू येत नाही. १९५४ च्या अ‍ॅनिमेशनपटात जनावरं पुन्हा उठाव करून डुकरांना पाडतात. त्या सिनेमामागे अमेरिकेच्या सीआयएचा छुपा पैसा होता हे आता उघड आहे. शेवटचं एक दृश्य, आणि 'सत्ता सगळ्यांना सारखंच करते'चं 'लोक जागे झाले की जुलमी पडतो' झालं.

मुलांना विचारा: शेवट बदलला की थीम बदलते, की शेवटापर्यंत आलेलं सगळं तसंच उरतं? माझ्या वर्गात यावर घंटा झाली तरी कोणी उठलं नव्हतं.

---

उगाच_एक

मी परत आलोय. काल रात्री सिनेमा पाहिला. धाग्याच्या नादानं नाही, झोप येत नव्हती म्हणून.

एक विचारतो, प्रतीक वगैरे म्हणणार नाही असं वचन द्या. पहिल्यांदा तो खुर्चीत बसतो तेव्हा शास्त्रज्ञ छतातली झडप उघडतो. वरून उजेड येतो. तो मान वर करतो, उठतो, आणि दोन्ही हात वर करून तो उजेड धरायला बघतो. धरता येत नाही. मग झडप बंद करतात. तेव्हा तो तेच हात शास्त्रज्ञापुढे करतो, मागितल्यासारखे. कुणी काही देत नाही. तेवढ्यात तो फ्रिट्झ मशाल नाचवत येतो आणि सगळा विचका होतो.

मला ते हात डोक्यातून जाईनात. एवढंच सांगायचं होतं.

---

शाईचा_डाग

@उगाच_एक, तुम्ही काय करून ठेवलंय ते तुम्हाला ठाऊक नाही.

आज वर्गात तो सीन दाखवला. आधी सांगितलं की थीमबिम काही लिहायची नाही. काय दिसतं, फक्त ते लिहा. 'तो दुःखी आहे' असं लिहायचं नाही, 'मान वर केली' असं लिहायचं. पहिल्या वेळी वर्ग हसला (मेकअपला). दुसऱ्यांदा लावला तेव्हा कमी हसला. तिसऱ्यांदा मी आवाज बंद केला, तर एक मुलगा म्हणाला, "बाई, फारसा फरक पडला नाही. पार्श्वसंगीतच नाही." मला आजवर लक्षातच आलं नव्हतं. आपल्याला कळवळा वाटावा म्हणून व्हायोलिनबियोलिन काही नाही. जे आहे ते त्या हातांत.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात चारदा बोलली असेल, पुस्तक उलटंपालटं करत म्हणाली, "हे पुस्तकात पण आहे." मी म्हटलं, झडप? पुस्तकात झडप नाही. म्हणाली, "झडप नाही, हात." आणि तिनं पाचवं प्रकरण उघडलं. व्हिक्टर जीव निर्माण करतो, घाबरून झोपायच्या खोलीत पळतो, जाग येते तर तो पलंगाशी उभा. तोंडातून काहीतरी आवाज, आणि एक हात पुढे केलेला. व्हिक्टरला वाटतं आपल्याला पकडायला. तो पळून जातो.

मी हे पुस्तक किती वर्षं शिकवतेय ते सांगत नाही. तो हात मी दर वेळी वाचलाय. आणि दर वेळी व्हिक्टरच्या बाजूनं वाचलाय, म्हणजे 'पकडायला आला' असाच. पण बोलणारा व्हिक्टरच आहे ना! हात का पुढे केला हे त्याला काय माहीत?

मग वर्गाला हातांचं वेडच लागलं. पाऊण तासात फळा भरला. म्हाताऱ्याच्या झोपडीत, घरातली मंडळी परत येतात तेव्हा तो म्हाताऱ्याचा हात घट्ट धरतो, मला वाचवा म्हणून. विल्यम, व्हिक्टरचा लहान भाऊ, क्रीचरला बघून स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवतो. क्रीचर ते हात ओढून बाजूला करतो. आणि अर्धविराम यांनी सांगितलेले व्हिक्टरच्या डोळ्यांवरचे हात.

---

पडद्यामागे

शाईताई, त्या मुलीला माझा सलाम सांगा. आणि फळ्यावर जागा ठेवा, सिनेमातला सगळ्यात मोठा हात अजून यायचाय.

तळ्याकाठचा सीन. छोटी मारिया त्याला घाबरत नाही. त्याचा हात धरून त्याला पाण्याशी नेते, फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. त्याची फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो, मग तिच्याकडे. सुंदर गोष्टी पाण्यावर तरंगतात एवढंच त्याला कळलेलं असतं. तिला उचलून टाकतो. ती बुडते आणि तो सैरभैर होतो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. हा सीन सेन्सॉरला सोसला नाही आणि त्यातला तुकडा कापला गेला. कितीतरी दशकं लोकांनी कापलेलीच प्रत बघितली. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला. कात्री कुठे चालली होती माहितीये? तो तिच्याकडे *हात पुढे करतो*, तिथे. कट. पुढे मारिया दिसते ती बापाच्या हातांतच, मेलेली, आणि तो तिला उचलून गावातून चालतोय.

क्रूरपणा कमी करायला कापलं, आणि झालं उलटं. मधलं काही दिसत नाही म्हणून प्रेक्षक नको नको ते मनात भरतो. जो हात खेळायला पुढे आला होता तो राक्षसाचा पंजा झाला. अभिनय तोच, फ्रेम त्याच, एक कात्री चालवली आणि हाताचा अर्थ फिरला. पुस्तकात व्हिक्टरनं जे केलं तेच सेन्सॉरनं केलं की: हात दिसला, पुढचं बघितलंच नाही, पळ काढला!

एडिटिंगमध्ये ही भीती रोजची असते. इथपर्यंत ठेवावं की चार फ्रेम अजून?

---

बाराखडी_नापास

मी पुन्हा लिहिलंय. तपासाल का?

"दोन्ही कृतींत क्रीचर पुन्हा पुन्हा हात पुढे करतो आणि बघणारे लोक त्या हाताचा अर्थ स्वतःच्या भीतीनुसार लावतात. कादंबरीत जन्मल्यावर लगेच तो व्हिक्टरकडे हात करतो, पण हे आपल्याला व्हिक्टर सांगत असल्याने आपणही घाबरतो. फेलिक्सचा आंधळा बाप डी लेसी मात्र घाबरत नाही. सिनेमात निवेदक नाही, त्यामुळे प्रकाशाकडे गेलेले हात आपण स्वतः बघतो आणि तरीही त्याचा चेहरा बघून दचकलेलो असतो. त्यामुळे राक्षस ही जन्मलेली गोष्ट नसून बघण्यातून तयार झालेली गोष्ट आहे असे दोन्ही कृती सुचवतात, जरी सिनेमातील मेंदूच्या बरणीचा प्रसंग याच्या विरुद्ध जातो."

शेवटचं 'जरी' काढू का? त्याने माझाच मुद्दा कमी होतोय असं वाटतं.

---

अर्धविराम

'जरी'ला हात लावू नका! संपूर्ण परिच्छेदात तीच जागा सगळ्यात प्रामाणिक आहे. परीक्षकाला बरणी माहीत असते. तुम्ही ती लपवलीत तर त्याला वाटेल तुम्हाला दिसली नाही. उलट अजून एक वाक्य द्या: बरणी पटकथेत आहे, पण कार्लॉफचे हात तिला खोटं पाडतात.

'सुचवतात' हा शब्द चांगला निवडलात. 'सिद्ध होते' गेलं, बरं वाटलं.

---

उगाच_एक

पुस्तक मागवलंय. म्हणजे, मागवून वाचायला सुरुवातही केली, विल्यमपर्यंत आलोय. एक गोष्ट तुमच्या फळ्यावर दिसली नाही म्हणून सांगतो. पोराच्या गळ्यावर बोटांचे वळ आहेत. पुढचं चाळलं तर व्हिक्टरचा मित्र क्लेर्वल, त्याच्या गळ्यावरही. बायको एलिझाबेथच्याही. चाकू नाही, बंदूक नाही. प्रत्येक वेळी हातच.

जो हात कुणी धरला नाही, तोच.

(शाळेतल्या सरांना कोणी हे सांगू नका.)

---

शाईचा_डाग

... मला दोन मिनिटं द्या.

फळ्यावर नव्हतं. उद्या असेल. तुमचं नाव सांगून लिहीन. 'उगाच एक यांच्याकडून' असं फळ्यावर कसं दिसेल ते मुलांनाच विचारते.

आणि हो, यादी लिहिणारी मुलगी आज पेपर घेऊन आलीच. "बाई, काय लिहायचं होतं?" म्हणाली. मी यादीतल्या 'सूड'वर गोल केला आणि म्हटलं, बाकीचे चार खोड. आता पुस्तकात जा आणि हा सूड घ्यायच्या आधी त्या हातांनी काय मागितलं होतं ते मला शोधून दे. सोमवारी येते म्हणालीये.

---

उगाच_एक

बाय द वे, माझ्याकडे आलंय त्यावर १८३१ ची आवृत्ती लिहिलंय आणि इथे सगळे १८१८ म्हणतायत. मला जुनं, वापरलेलं पुस्तक गळ्यात मारलं का?

---

अर्धविराम

नाही, नाही. लेखिकेनं स्वतःच १८३१ साली सुधारून काढलेली आवृत्ती आहे ती, बाजारात तीही मिळते. गोष्ट तीच, पण व्हिक्टर तिच्यात नशिबाला, दैवाला जास्त बोल लावतो. १८१८ मध्ये त्याची निवड त्याच्या पदरात जास्त पडते. 'जबाबदारी कोणाची' यावर लिहायचं असेल तर कुठली आवृत्ती वाचली ते पहिल्याच ओळीत सांगावं लागतं.

@शाईचा_डाग, तुमच्या वर्गात सगळ्यांकडे एकच आवृत्ती आहे ना?

---

शाईचा_डाग

अरे देवा. बघते.